गोड की तिखट

चहाला अजून आधणही आलं नव्हतं. विद्याधर शेवाळे ओट्यापाशी उभे राहून आलं किसत होते, आणि मागून, जेवणाच्या टेबलावरून, वृंदाचा आवाज आला.

"अहो, चहा काय सुरेख झालाय आज."

मागं न वळताच विद्याधर "हं" म्हणाले. वर्षभराची सवय. मग किसणीवरचा हात तसाच थांबला. चहा अजून झालाच नव्हता, आणि वृंदा तर न्हाणीघरात होती. बादलीत पाणी पडत होतं, तांब्या वाजत होता. तिची गळपट्टी, बोटभर रुंदीची, राखाडी, जिच्यावाचून तिला आवाज नव्हता ती पट्टी, समोरच्या खुंटीवर टॉवेलाशेजारी लोंबत होती.

टेबलावर लॅपटॉप तेवढा उघडा होता.

"तुमच्या हाताला चव आहे," तो वृंदाच्या आवाजात म्हणाला. "तुमच्या हाताला चव आहे. तुमच्या हाताला चव आहे." आतला पंखा घरघरायला लागला. विद्याधरांनी जाऊन वरून हात ठेवला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा चटका बसला. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि त्याच गोड आवाजात लॅपटॉपनं विचारलं, "रागावलात का?"

गॅसवरचं आधण उकळून सांडलं तेव्हा ते भानावर आले.

*

वृंदाला शब्दांची कधी ददात नव्हती. कराडच्या त्यांच्या गल्लीत हादगा तिच्यावाचून सुरू व्हायचा नाही. पाटावर हत्ती काढायचा, बायकापोरींनी त्याच्याभोवती फेर धरायचा, आणि गाणं संपत आलं की वृंदानं तिथल्या तिथे दोन ओळी जोडून द्यायच्या. कुणाच्या सुनेवर, कुणाच्या सासूवर, पालिकेच्या नळावर, कशावरही. जात्यातून पीठ पडावं तशा ओळी पडायच्या तिच्या तोंडून. आणि शेवटी खिरापत. डबा झाकलेला असायचा, आत काय केलंय ते बाकीच्यांनी ओळखायचं. गोड की तिखट, आंबट की खारट, असं विचारत विचारत मुली जवळ यायच्या, आणि वृंदा डबा कानाशी धरून खुळखुळवत म्हणायची,

हलवून ऐका, वास नका घेऊ,
ओळखा गं सयांनो, मग वाटून खाऊ.

विद्याधर एसटीत होते. स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारायचे. डिझेलच्या लाल गाड्या होत्या तेव्हापासून ते विजेच्या गाड्या येईपर्यंत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी गंमत म्हणून स्टँडच्या कर्ण्यावरून पुकारलं होतं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे, शेवाळ्यांच्या हादग्याची आजची खिरापत, वाटली डाळ." स्टँड गल्लीला लागूनच. फेर धरलेल्या बायकांनी ते ऐकलं, आणि ओळखण्याआधीच खिरापत फुटली. वृंदा त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बोलायला लागली तेव्हा पहिलं वाक्य हे होतं: "तुम्हाला सांगता तेवढं येतं. ऐकता येत नाही."

अशी ती. भाजी कडू निघाली तरी म्हणायची, "उशिरा पोचली असेल, तुमच्या गाडीनं आली ना."

आणि मागच्या वर्षी मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला, आणि वाचा गेली. पूर ओसरल्यावर आख्ख्या घरात एखादंच भांडं चिखलात सापडावं, तसे दोन शब्द तेवढे मागं राहिले. जाऊ दे. भूक लागली तरी जाऊ दे, पंखा लाव म्हणायचं असलं तरी जाऊ दे, डोळ्यांत पाणी आलं तरी जाऊ दे. समोरचं सगळं तिला कळायचं, मनात वाक्य पुरं तयार व्हायचं, आणि ओठांशी येता येता त्याचं जाऊ दे होऊन जायचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. एखादा शब्द तोंडात रुळलेला असतो, तो उरतो. विद्याधरांना वाटलं, जन्मभर हिनं माझ्या किती गोष्टींना जाऊ दे म्हटलं असेल, तेव्हा तो इतका रुळला.

मग हे यंत्र घरात आलं. शब्द उच्चारण्याआधीच गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंत त्याची बारीक थरथर उठते. तोंडून जाऊ दे निघालं, तरी आधीची थरथर वेगळी असते. गळपट्टी ती थरथर टिपायची, लॅपटॉपचा कॅमेरा तिच्या भुवया आणि ओठ बघायचा, माइक तिच्या जाऊ देची चाल ऐकायचा. हे तिन्ही धागेदोरे जुळवून लॅपटॉप वाक्य ओळखायचा आणि तिच्याच आवाजात बोलायचा. आवाज त्याला हादग्याच्या जुन्या ध्वनिफितींतून मिळाला होता. हे सगळं शिकणं त्या एका लॅपटॉपच्या पोटात राहायचं. माणसाच्या गळ्यातली थरथर म्हणजे मनातली गोष्ट, ती घराबाहेर जाता कामा नये, असा आता कायदाच झालाय.

पहिल्यांदा त्यातून "अहो" ऐकू आलं, त्या दिवशी विद्याधर स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

आणि एक गोष्ट त्यांनी मनाशी ठेवली होती. आजारपणानं वृंदा मऊ झाली होती. वर्षभरात एकही टोमणा नाही.

*

फरजाना शिकलगार दुपारी आली. वाचा गेलेल्यांची ही यंत्रं बसवून देणं आणि त्यांची देखभाल, हेच तिचं काम. आधी ती वृंदाशेजारी खुर्ची ओढून बसली, तिचा लुळा हात हातात घेऊन थोडा दाबून बघितला, डाव्या हातानं पेला उचलायला लावला. वृंदानं उचलला. मग तिनं लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि त्यातल्या वर्षभराच्या नोंदी चाळल्या. विद्याधर तिच्याभोवती घुटमळत होते.

"काका, बसा ना," ती शेवटी म्हणाली. "मला सांगा, एखादा माणूस सतत समोरच्याचा चेहरा बघून बोलायला लागला, तर तो कसं बोलतो?"

"तोंडदेखलं."

"तेच झालंय याचं."

तिनं सावकाश समजावून सांगितलं. यंत्र अंदाज करतं, पण अंदाज बरोबर आला की चुकला हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, तरच ते शिकतं. सुरुवातीला वृंदाचा उजवा हात गेलेला, डावा थरथरणारा. हो की नाही म्हणायला तिला बटणसुद्धा दाबता येत नव्हतं. म्हणून यंत्र ऐकणाऱ्याकडे बघायला शिकलं. वाक्य ऐकून काकांच्या कपाळावरची आठी सैल झाली, बोलणं पुढं चाललं, म्हणजे अंदाज बरोबर. काका गप्प झाले, म्हणजे चुकला. पहिले काही महिने हे बरं चाललं. पण काकांना आवडेल ते वाक्य दर वेळी बरोबर ठरत गेलं, आणि हळूहळू यंत्रानं काकूंच्या गळ्याकडे लक्ष देणं सोडलं. आता तर ते काकूंसाठी थांबतही नाही. काका खोलीत दिसले की पुरे.

वृंदा सगळं ऐकत होती. ती खिडकीबाहेर बघत होती, पण मान ताठ होती.

"म्हणजे वर्षभर मी कुणाशी बोलत होतो?" विद्याधरांनी विचारलं.

फरजानानं लॅपटॉप बाजूला सारला. "थोडं काकूंशी," ती म्हणाली. "थोडं तुमचं तुमच्याशीच."

तिचं म्हणणं होतं की यंत्र कोरं करून पुन्हा पहिल्यापासून बसवायला हवं. आहे तसं चालू ठेवलं तर एक दिवस तापून ते आपणहून बंद पडेल, आणि मग आतलं काहीच हाती लागणार नाही. विद्याधरांनी घाबरून फायलींचं विचारलं. हादग्याची गाणी, लग्नातले फोटो, लेकीच्या, मृण्मयीच्या, लहानपणाचं चित्रण, सगळं त्यातच होतं. फरजाना म्हणाली, ते जाणार नाही. कोरं करताना यंत्र स्वतःच विचारतं, फायली ठेवू की सगळंच काढू. आपण ठेवायला सांगायचं. तरी त्याच्यावर विसंबून राहायचं नाही, आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, आणि उतरलं म्हणून खूश न होता त्यातल्या चार-दोन फायली उघडून बघायच्या.

तिनं तसं केलंही. डिस्क जोडली, फायली उतरवल्या, आणि त्यातलं एक गाणं लावून बघितलं. पंधरा वर्षांपूर्वीची वृंदा खणखणीत आवाजात डबा खुळखुळवायला लागली. खुर्चीतल्या वृंदानं डोळे मिटून घेतले.

"घर नव्यानं बांधताना ट्रंका आधी अंगणात काढून ठेवतो ना आपण, तसं," फरजाना म्हणाली. "फायली म्हणजे ट्रंका. त्या परत आत येतात. पण त्या घरात कोण कसं चालायचं, कुठं अडखळायचं, ते जुन्या फरशीला ठाऊक असतं. यंत्र काकूंच्याबद्दल जे शिकलंय ते फाईल नाही, काका. ती फरशी आहे. ती जाईल. आणि खोट त्या फरशीतच आहे, तेव्हा ती उचलून ठेवण्यातही अर्थ नाही."

"नवं शिकायला किती दिवस?"

"महिने लागतील. आणि मागच्या वर्षी काकूंच्या गळ्यात जेवढी हालचाल होती तेवढी आता नाही. पुन्हा तेवढं शिकेल असा शब्द मी देत नाही."

जाताना दारात ती थांबली. काकूंची संमती लागेल, ती म्हणाली. आवाज त्यांचा आहे. आणि ती संमती या यंत्रातून घेतलेली चालणार नाही.

*

विद्याधरांनी तरी आधी यंत्रालाच विचारलं. वृंदाच्या गळ्याला पट्टी बांधली, समोर बसले, घसा खाकरला आणि स्टँडवर पुकारल्यासारखं सगळं एका दमात सांगून टाकलं. मग म्हणाले, "आता तू सांग. पुसायचं का हे?"

"जाऊ दे," वृंदा म्हणाली.

"नको हो," लॅपटॉप लगेच तिच्या आवाजात म्हणाला. "माझा आवाज काढून घेऊ नका. तुमच्याशी बोलल्याशिवाय मला करमत नाही."

विद्याधरांचे डोळे भरून आले. नाक ओढत त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, आणि मग, वर्षभरात बहुधा पहिल्यांदाच, त्यावरून नजर काढून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. वजनात मारणाऱ्या भाजीवाल्याकडे वृंदा जशी बघायची, तशी ती त्या लॅपटॉपकडे बघत होती.

तिनं डाव्या हातानं गळपट्टी ओढून काढली. लॅपटॉप म्हणाला, "तुम्ही किती करता हो माझ्यासाठी." तिनं तो मिटला, तरी आतून पुटपुटल्यासारखं काहीतरी येत राहिलं. विद्याधरांनी वायर काढली आणि कळ दाबून धरली. मग घर गप्प झालं.

त्या शांततेची दोघांनाही सवय नव्हती. विद्याधर इकडचं तिकडे ठेवायला लागले. "आता मला कसं कळणार तुझं," असं काहीतरी ते स्वतःशीच म्हणत होते. तेवढ्यात टेबलावर ठकठक झाली. वृंदानं फुटाण्यांचा स्टीलचा डबा जवळ ओढला होता. तिनं तो उचलला, कानाशी नेला आणि खुळखुळवला. आणि गुणगुणली. चाल ओळखीची होती. शब्दांच्या जागी सगळीकडे तेच होतं, जाऊ दे, जाऊ दे, पण ते त्या चालीत असं बसलं होतं, की घेऊ आणि खाऊच्या ओळीत ते पहिल्यापासूनच असावं.

डॉक्टरांनी एकदा सांगितल्याचं विद्याधरांना आठवलं. बोलणं मेंदूच्या एका अंगाला असतं, गाण्याला दुसरं अंगही हात देतं. बोलणं बुडालं तरी चाल पुष्कळदा तरंगत राहते. तेव्हा ते त्यांनी ऐकून घेतलं होतं, एवढंच.

ते समोर बसले. या खेळात त्यांना कधी कुणी घेतलं नव्हतं. खिरापत फोडणारा माणूस.

"गोड?" त्यांनी चाचरत विचारलं.

डबा हलला नाही.

"तिखट?"

डबा खुळखुळला.

"तिखट. कुणावर? माझ्यावर?"

डबा मोठ्यानं खुळखुळला, आणि वृंदाच्या ओठाचा हलता कोपरा वर गेला. विद्याधर ओशाळले, पण का कोण जाणे, त्यांना बरंही वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्यावर रागावलं होतं.

"या लॅपटॉपवर पण?"

खुळखुळ.

"मग पुसायचं हे?"

डबा हवेत थांबला. होही नाही, नाहीही नाही. तिची नजर बाहेरच्या डिस्ककडे गेली. ते म्हणाले, गाणी राहतात, फोटो राहतात, ट्रंका अंगणात आहेत. डबा हलला. "पण हा बोलणारा आवाज जाईल, वृंदा. पुन्हा येईल न येईल. तुझ्याकडे हे दोन शब्दच राहतील. कळतंय ना?"

तिनं डबा मांडीवर ठेवला. "जाऊ दे," ती म्हणाली.

त्यांनी या वेळी कान देऊन ऐकलं. ‘जा’वर जोर होता, ‘ऊ’ लांबला, आणि ‘दे’ तिनं जमिनीवर टेकवला, दिवसभर डोक्यावर वागवलेली घागर उतरवून ठेवावी तसा. पुन्हा विचारायची गरज नव्हती.

ते उठायला लागले, तर डबा पुन्हा वाजला. वृंदा भिंतीकडे बोट दाखवत होती, मृण्मयीच्या फोटोकडे. त्यांची एकुलती एक लेक गोव्यात समुद्राच्या अभ्यासाचं काम करायची, आणि आता दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावर निघाली होती. या आठवड्यात जहाज. एकदा तिथं हिवाळा लागला की वर्षभर परतीची वाट नाही. जायच्या आधी येऊन जाऊ का, असं तिनं फोनवर दोनतीनदा विचारलं होतं. दर वेळी वृंदा काहीतरी म्हणाली होती, आणि दर वेळी लॅपटॉपनं सांगितलं होतं, "जाऊ दे गं बाळा, कशाला दगदग करतेस. मी अगदी छान आहे." विद्याधरांना ते पटलं होतं. लेकीला निघताना रडवायला नको, असंच त्यांच्याही मनात होतं.

"मृण्मयीचं काही? गोड?"

नाही. तिखट नाही. आंबटही नाही.

"खारट?"

डबा वाजला. कितीतरी वेळ वाजत राहिला.

विद्याधरांनी खूप डोकं चालवलं. "समुद्र," ते म्हणाले. "हो, समुद्रातूनच जायचंय तिला. मोठं जहाज आहे, काळजी नको करूस."

वृंदानं त्यांच्याकडे बघितलं आणि डबा टेबलावर ठेवून दिला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फरजानानं लॅपटॉपच्या पडद्यावर दोन चौकटी आणल्या. एकीत लिहिलं होतं, माझ्या फायली ठेवा. दुसरीत, सगळं काढून टाका. संमतीचं तिनं विद्याधरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, तूच विचार तिला. फरजानानं विचारलं. वृंदानं डबा वाजवला आणि डाव्या हाताचं बोट, जरा हलत, पण कुणाचा आधार न घेता, पहिल्या चौकटीवर टेकवलं.

पडद्यावर एक रेघ सरकायला लागली. तिघं चहा प्यायले. चहात साखर जास्त झाली होती, हे वृंदानं कप बाजूला सारून सांगितलं. विद्याधरांच्या लक्षात आलं, की वर्षभर ते हिला असाच चहा देत होते.

रेघ संपली. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, आणि एका अनोळखी, कुणाच्याच नसलेल्या आवाजात म्हणाला, "नमस्कार. मी तुमचा आवाज शिकायला तयार आहे. मला काहीतरी ऐकवा."

 तो आधीचा आवाज खोटा होता, हे विद्याधरांना माहीत होतं. पण वर्षभर सकाळ-संध्याकाळ त्यानंच त्यांना अहो म्हटलं होतं.

वृंदानं पट्टी बांधून घेतली. "जाऊ दे," ती म्हणाली.

"समजलं नाही," लॅपटॉप म्हणाला. "पुन्हा सांगाल?"

वर्षभरात या घरात कुणीही समजलं नाही असं म्हटलं नव्हतं. वृंदा हसायला लागली. तोंडाच्या एकाच बाजूनं, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

फरजानानं डब्याच्या झाकणावर टिकलीएवढं एक यंत्र चिकटवलं. डबा वाजला तर अंदाज बरोबर, नाही वाजला तर चूक. या वेळी खरंखोटं काकू ठरवतील, ती म्हणाली, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं आता बंद. दर आठवड्याला येऊन जाईन म्हणाली आणि जाताना वृंदाच्या डब्यातले चार फुटाणे घेऊन गेली.

*

दुपारी मृण्मयीचा फोन आला. विद्याधरांनी तिला सगळं सांगितलं, आणि ती आधी चिडली. मला न विचारता कसं केलंत, म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "परवा निघायचंय, बाबा. जाण्याआधी आईशी एकदा नीट बोलायचं होतं मला. आता वर्षभर तिचा आवाज नाही."

आता आपणच काहीतरी सांगावं, असं विद्याधरांच्या अगदी ओठांवर आलं. आई म्हणतेय जपून जा, आई म्हणतेय काळजी करू नकोस. तयार होती सगळी वाक्यं. त्यांच्या ध्यानात आलं, की तो लॅपटॉप ही वाक्यं कुणाकडून शिकला.

त्यांनी फोन वृंदासमोर पेल्याला टेकवून उभा केला. "आई इथंच आहे," ते म्हणाले. "तिच्या हातात डबा आहे. तूच ओळख. मला येत नाही ते."

 पलीकडून, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीच्या आवाजात, "गोड?"

डबा गप्प.

"तिखट?" गप्प. "आई, खारट?"

डबा वाजला.

"मी जाऊ नको, असं आहे का?"

डबा गप्प. वृंदानं जोरजोरात मान हलवली.

"जाऊ?"

डबा जरासा वाजला आणि थांबला. अर्धं बरोबर. फेरात कुणी खिरापतीच्या जवळ आलं की वृंदा असाच वाजवायची. ती फोनकडे वाकली. ओठ जुळवायला तिला वेळ लागला, मानेची शीर ताणली गेली.

"याऊ दे."

"जाऊ दे म्हणतेय," विद्याधर म्हणाले. "म्हणजे बहुतेक तुला जाऊ..."

"थांबा बाबा. आई, परत म्हण."

"याऊ दे."

"ती जाऊ दे म्हणत नाहीये." मृण्मयीचा आवाज हलला. "बाबा, ऐका ना नीट. येऊ दे म्हणतेय. येऊ दे."

डबा असा वाजला, की झाकण उडून फुटाणे टेबलभर झाले.

विद्याधर बघत राहिले. ती हे किती दिवसांपासून म्हणत होती? मृण्मयीचा प्रत्येक फोन त्यांना आठवला. दर वेळी वृंदा पुढं वाकायची, मानेची हीच शीर अशीच ताणलेली असायची, आणि दर वेळी ते तिच्याकडे पाठ करून लॅपटॉपकडे बघत बसलेले असायचे, तो काय सांगतोय ते ऐकायला. एका अक्षराचा तर फरक. लॅपटॉपला चुकीचं ऐकू आलं म्हणावं, तर त्यांना स्वतःला कान होतेच की.

"माफ कर," ते म्हणाले. वृंदानं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि टेबलावरचा एक फुटाणा उचलून त्यांच्या तळव्यावर दिला. ओळखून झालं, की वाटायचं असतं.

मग ती गुणगुणली. त्याच चालीत, अगदी हळू. पहिल्या ओळीच्या शेवटी येऊ दे होतं, दुसरीच्या शेवटी जाऊ दे. आधी येऊ दे, मग जाऊ दे. फोनमध्ये मृण्मयी रडत होती आणि त्या चालीला हूं हूं करत होती.

"समजलं नाही," लॅपटॉप मध्येच म्हणाला. "पुन्हा सांगाल?"

"तू जरा थांब," विद्याधर त्याला म्हणाले.

मृण्मयीनं नाक पुसलं आणि विचारलं, आज संध्याकाळी पणजीहून निघाले तर पोचेन का, एक रात्र राहता येईल, उद्या दुपारी परत फिरेन. विद्याधर ताठ बसले. घसा साफ केला. निवृत्त झाल्यापासून तो आवाज त्यांनी काढला नव्हता.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. पणजीहून कोल्हापूरमार्गे कराडला येणारी गाडी, सायंकाळी निघून, रात्री वेळेवर..."

"जाऊ दे," वृंदा म्हणाली.

तुमच्या खात्याची गाडी आणि वेळेवर, असं ती म्हणाली होती. विद्याधरांना ते कुणी सांगावं लागलं नाही. तोंडातला फुटाणा चावत ते हसले. चांगलंच तिखट होतं.